पॅरिसच्या दारांचा दफ्तरदार

जुने दार दिसले की पाय थबकतात आणि हल्ली पायांपाठोपाठ हात खिशातल्या कॅमेऱ्याकडे जातो. रंग उडालेली कवाडे, गंजलेली कडी, पिढ्यांच्या पावलांनी झिजलेला उंबरठा. छायाचित्र क्षणात निघते. खरा पेच त्यानंतर सुरू होतो. लाकडाचा रंग थोडा गडद करावा का? दारावर चिकटवलेली फाटकी जाहिरात पुसून टाकावी का? की सारेच कृष्णधवल करून त्याला पुरातनतेचा साज चढवावा? संगणकाने ही कामे सोपी केली असली तरी पेच नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमधील एका माणसासमोर तो दररोज उभा राहत असे आणि त्याने तीन दशकांहून अधिक काळ त्याचे उत्तर एकाच निष्ठेने दिले. त्या माणसाचे नाव युजीन आत्झे.

आधुनिक छायाचित्रणाच्या इतिहासात आज आत्झेचे नाव अग्रभागी घेतले जाते. हयातीत मात्र त्याने स्वतःला कधी कलावंत म्हणवून घेतले नाही. कलावंतांना लागणारे दस्तऐवज पुरवणारा, एवढीच ओळख त्याने आपल्या दारावरच्या पाटीवर मिरवली. ही नम्रता होती, व्यवहार होता की अभिमानाचाच एक वेगळा प्रकार होता, याचा उलगडा त्याच्या आयुष्यक्रमातून होतो.

अनाथ, खलाशी, नट

नैऋत्य फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या लिबूर्न या गावी १२ फेब्रुवारी १८५७ रोजी आत्झेचा जन्म झाला. वडील घोडागाड्या बनवण्याच्या व्यवसायात होते. आत्झे लहान असतानाच आधी वडिलांचे आणि पाठोपाठ आईचे छत्र हरपले. आईच्या आईवडिलांनी त्याला बोर्दोत वाढवले. शिक्षण आटोपल्यावर तो व्यापारी जहाजांवर नोकरीस लागला. परंतु समुद्राने त्याला बांधून ठेवले नाही. मनात रंगभूमी होती. १८७८ मध्ये तो पॅरिसला आला, तेथील प्रतिष्ठित नाट्यविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेस बसला आणि नापास झाला. पुढच्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला खरा, पण त्याच सुमारास सक्तीची लष्करी सेवा मागे लागली. पलटण आणि तालीम यांची सांगड घालताना अभ्यास मागे पडला आणि १८८१ मध्ये विद्यालयाने त्याला काढून टाकले.

त्यानंतर काही वर्षे तो फिरत्या नाटक मंडळ्यांतून पॅरिसच्या उपनगरांत आणि गावोगाव दुय्यम भूमिका करीत हिंडला. याच भटकंतीत व्हॅलेंटाइन कोंपान्यों ही अभिनेत्री त्याच्या आयुष्यात आली आणि अखेरपर्यंत त्याची सहचारिणी राहिली. १८८७ च्या सुमारास घशाच्या विकाराने आवाजाने दगा दिला आणि रंगमंच सुटला. त्याने चित्रकला करून पाहिली. तीही साधली नाही. तिशी ओलांडलेला, तीन व्यवसायांतून बाहेर पडलेला हा माणूस अखेरीस कॅमेऱ्याकडे वळला. कॅमेरा त्याच्यासाठी स्वप्न नव्हते. तो पोट भरण्याचा शेवटचा मार्ग होता.

कलावंतांच्या गरजेची चित्रे

१८९० च्या सुमारास पॅरिसला परतून त्याने आपला धंदा मांडला. चित्रकारांना झाडांच्या फांद्या, फुले, प्राणी, दगडांचे ढीग, ढग अशा गोष्टींचे नमुने लागत. प्रत्यक्ष जाऊन रेखाटणे दर वेळी शक्य नसे. आत्झे अशी छायाचित्रे काढून अल्प दरात विकू लागला. त्याच्या गिऱ्हाइकांत पुढे जॉर्ज ब्राक, आंद्रे देरँ आणि मॉरिस युत्रिलो यांच्यासारखी नावे दिसतात. पण रोजचा आधार होता तो कारागिरांचा, सजावटकारांचा आणि वास्तुरचनाकारांचा. लोखंडी जाळी घडवणाऱ्याला जुन्या जाळीचा नमुना हवा असे. सुताराला दाराच्या कवाडावरील कोरीव चौकटी नीट दिसायला हव्या असत.

या काळात पॅरिसचे रूप पालटत होते. १८५३ ते १८७० या काळात प्रशासक ओस्मानने शहराच्या मध्यातून रुंद रस्ते काढले होते आणि त्यासाठी मध्ययुगीन वस्त्या पाडल्या होत्या. ओस्मान गेला तरी कुदळ थांबली नाही. नवे रस्ते आखले जात होते, १९०० मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली होती. जे जात आहे त्याबद्दल हळहळ वाटणाऱ्यांचा एक वर्गही तयार झाला होता आणि १८९७ मध्ये नगरपालिकेने जुन्या पॅरिसच्या नोंदीसाठी एक आयोग नेमला. नेमक्या त्याच सुमारास आत्झेने जुन्या शहराचे पद्धतशीर चित्रण हाती घेतले. ग्रंथालये आणि संग्रहालये हे नवे गिऱ्हाईक त्याला मिळाले. शहराच्या इतिहासाला वाहिलेले कार्नाव्हाले संग्रहालय, पॅरिसचे ऐतिहासिक ग्रंथालय, राष्ट्रीय ग्रंथालय, इतकेच नव्हे तर लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयही त्याच्याकडून शेकडो चित्रे घेऊ लागले.

जुन्या पॅरिसमधील कला या नावाने त्याने जी मालिका केली, तिचा गाभा म्हणजे दारे, दारांवरच्या ठोठावण्याच्या कड्या, सज्जे आणि जिने. मारे भागातील व्ह्येय द्यु ताँप्ल रस्त्यावरील हवेलीचे मेदुसेचे मुखवटे कोरलेले भव्य प्रवेशद्वार त्याने टिपले. सेंट लुई बेटावरील शनिझो हवेलीच्या दारावरचा, अक्राळविक्राळ ड्रॅगनांनी तोललेला सज्जा टिपला. एकेकाळी सरदार-उमरावांच्या असलेल्या या हवेल्यांत तोवर गोदामे, कारखाने आणि भाडेकरू शिरले होते. कोरीव कमानीखाली हातगाडी उभी असे, दगडी खांबावर धंद्याची पाटी ठोकलेली असे. आत्झेने कमान टिपली आणि हातगाडीही राहू दिली.

पहाटेची फेरी

त्याची हत्यारे त्या काळीही जुनाट मानली जात. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचांवर चित्र घेणारा लाकडी, भात्याचा कॅमेरा, तिपाई आणि काचांची पेटी असा सुमारे वीस किलोंचा बोजा पाठीवर घेऊन तो पहाटेच घर सोडी. रस्ते तेव्हा रिकामे असत. छिद्र लहान ठेवून दीर्घकाळ प्रकाश आत घ्यावा लागे; त्यामुळे त्या अवधीत कोणी समोरून गेलेच, तर काचेवर उरे ती केवळ धुरासारखी सावली. अशा सावल्या त्याच्या चित्रांत जागोजागी भेटतात. त्याने त्या पुसल्या नाहीत.

दाराचे चित्र घेताना एक तांत्रिक अडचण हमखास येते. उंच दार पुरते मावण्यासाठी कॅमेरा वर कलवला की चौकटीच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि दार मागे कोसळल्यासारखे दिसते. सुताराला किंवा वास्तुरचनाकाराला असे चित्र निरुपयोगी. म्हणून आत्झे कॅमेरा सरळच ठेवी आणि केवळ भिंग असलेली पुढची पट्टी वर सरकवी. दार ताठ उभे राही. पण भिंगाची कक्षा अपुरी पडून चित्राचे वरचे दोन्ही कोपरे काळ्या कमानीसारखे गोलावत. काच धरून ठेवणाऱ्या चिमट्यांचे ठसेही कडेला उमटत. दुसऱ्या कोणी या कडा कापून टाकल्या असत्या. आत्झेने बहुधा त्या तशाच ठेवल्या. दार सरळ आले आहे ना, एवढेच त्याला हवे होते.

क्वचित दारे त्यालाही पकडत. १९०८ मध्ये त्याने तूर्नेल धक्क्यावरील एका मद्यगृहाचे दर्शनी दार टिपले. काचेआडून एक माणूस बाहेर पाहतो आहे आणि त्याच काचेत तिपाईवरचा कॅमेरा प्रतिबिंबित झाला आहे. दाराआडचा माणूस आणि दाराबाहेरचा छायाचित्रकार एकाच काचेत सामावले. विक्रीसाठीच्या दस्तऐवजात हा दोषच म्हणायचा. आत्झेने ती काच फेकली नाही.

उन्हात उमटणारे दार

आता संस्करणाचा प्रश्न. छायाचित्रात हवा तसा बदल करण्याची साधने आत्झेच्या काळात नव्हती, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. त्याच पॅरिसमध्ये रॉबर्ट दमाशी आणि त्याचे सहकारी डिंक व रंगद्रव्य यांच्या साहाय्याने ठसे काढून, ब्रशने नको ते पुसून छायाचित्राला चित्रकृतीचे रूप देत होते. काच खरवडता येत असे, तिच्यावर पेन्सिल चालवता येत असे, भिंगासमोर मलमल धरून सारे धूसर करता येत असे. कलाप्रदर्शनांत मान होता तो या धूसरतेला. जुने, झिजलेले दार हा तर अशा हळव्या प्रयोगांचा आवडता विषय ठरावा. आत्झे त्या वाटेला गेला नाही.

याचा अर्थ त्याने निवड केलीच नाही असा नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर काच ठेवून तो लाकडी चौकट उन्हात मांडीत असे. चित्र रसायनात न बुडवता केवळ सूर्यप्रकाशानेच हळूहळू उमटे. कडक उन्हात हे काम लवकर होई, हिवाळ्यात तासन् तास लागत. मधूनच चौकटीची मागची बाजू अर्धी उघडून ठसा पाहायचा आणि कधी थांबायचे ते ठरवायचे. या कागदाचा एक गुण दारांच्या चित्रांना फार मानवला. जो भाग आधी काळवंडतो, त्याचा काळेपणाच खालच्या थराला उन्हापासून झाकतो. त्यामुळे सावल्या एका मर्यादेपलीकडे बुडत नाहीत आणि तोवर उजळ भागातील बारकावे उमटून येतात. उघड्या दाराआडच्या अंधाऱ्या बोळातील जिन्याची पायरी आणि बाहेर उन्हात तापणाऱ्या कवाडावरची भेग, ही दोन्ही एकाच ठशात दिसतात ती म्हणूनच. त्यानंतर सोन्याच्या क्षारात बुडवून ठशाला जांभळट तपकिरी छटा दिली जाई. ही छटाही हौसेखातर दिलेली नव्हती. सोन्यामुळे ठसा अधिक टिकतो.

सकाळची कोणती वेळ, तिपाई किती दूर, उन्हात किती वेळ आणि सोन्यात किती वेळ, एवढीच त्याची संपादनाची चतुःसीमा होती. त्या सीमेच्या आत तो कमालीचा चोखंदळ होता. सीमेबाहेर त्याने पाऊल टाकले नाही. दाराची झीज ही त्याच्या दृष्टीने दाराची माहिती होती. किती हातांनी ती कडी धरली, किती पावसाळे त्या लाकडाने सोसले, हे त्या झिजेतच लिहिलेले असते. ती वाढवून दाखवणे आणि लपवणे, दोन्ही सारखेच खोटे ठरले असते.

आणखी एक निवड होती ती मांडणीची. प्रत्येक काचेवर तो क्रमांक कोरीत असे. हे क्रमांक कित्येक वर्षे अभ्यासकांना कोड्यात टाकत होते, कारण तारखांशी त्यांचा मेळ बसत नव्हता. अखेर मारिया मॉरिस हॅम्बर्ग या अभ्यासिकेने दाखवून दिले की ते विषयवार मालिकांचे क्रमांक आहेत. जुने पॅरिस, जुन्या पॅरिसमधील कला, उपनगरे, निसर्गनमुने असे त्याचे कप्पे होते. एकेकटे सुंदर दार त्याला पुरेसे नव्हते. त्या दाराची जागा कोणत्या बासनात, हेही त्याने ठरवले होते. दफ्तरदाराचा हा स्वभाव त्याच्या हाडीमाशी खिळलेला होता.

दहा हजार फ्रँकचे शहर

माँपार्नास भागातील कांपान्य प्रमियेर रस्त्यावरच्या १७ बिस क्रमांकाच्या इमारतीत तो १८९९ पासून राहत होता. राहणी कमालीची काटकसरीची. पन्नाशीनंतर तर त्याने आपला आहार दूध, पाव आणि साखर एवढ्यावर आणून ठेवला होता. रंगभूमीचे वेड मात्र सुटले नव्हते. कामगारांसाठी चालणाऱ्या लोकविद्यापीठांत तो नाटकांवर व्याख्याने देई. राजकीय विचारांनी तो डाव्या बाजूचा होता. हवेल्यांची दारे टिपणारा हाच माणूस शहराच्या तटबंदीबाहेर पत्र्याच्या झोपड्यांत राहणाऱ्या चिंध्यावेचकांकडेही गेला आणि त्यांच्या वस्तीचा स्वतंत्र चित्रसंग्रह त्याने राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. सरदाराचे कोरीव दार आणि चिंध्यावेचकाचे मोडके फाटक, दोन्हींपुढे तिपाई तितक्याच सरळपणे उभी राहिली.

पहिल्या महायुद्धाने हा क्रम मोडला. त्या वर्षांत त्याने फारच थोडी चित्रे काढली. व्हॅलेंटाइनचा मुलगा लढाईत मारला गेला. काचा तळघरात ठेवल्या होत्या. आपल्यामागे त्यांचे काय होणार, ही चिंता आता साठी ओलांडलेल्या आत्झेला कुरतडू लागली. नोव्हेंबर १९२० मध्ये त्याने ललितकला खात्याचे संचालक पॉल लेऑं यांना पत्र लिहिले. वीस वर्षांहून अधिक काळ खपून जमवलेला हा संग्रह, त्यातील दारे, हवेल्या, जिने, चर्चच्या वास्तू यांचा हिशेब त्याने मांडला; आपल्याला वारस नसल्याने तो जाणकार नसलेल्याच्या हाती पडून नष्ट होईल, ही भीती व्यक्त केली. सरकारने २,६२१ काचा दहा हजार फ्रँकना विकत घेतल्या. जुन्या शहराची मोठी ठेव सरकारच्या सुरक्षित हाती गेली.

या पैशाने त्याला जी उसंत दिली, तिचे त्याने सोने केले. सेंट क्लू आणि सो येथील ओसाड उद्याने, तळी, दुकानांच्या काचेआडचे पुतळे अशी त्याची अखेरच्या वर्षांतील चित्रे आज सर्वोत्तम मानली जातात. त्याच रस्त्यावर राहणारा अमेरिकन कलावंत मान रे याला या चित्रांचे वेड लागले. १९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकात त्याची काही चित्रे छापली गेली, तीही त्याच्या इच्छेनुसार नाव न देता. नव्या कलाचळवळीचा शिलेदार म्हणून मिरवण्यात त्याला रस नव्हता.

दुसऱ्याच्या काचा, आपला हात

जून १९२६ मध्ये व्हॅलेंटाइन गेली आणि आत्झे खचला. मान रेची तरुण अमेरिकन सहायिका बेरेनिस ॲबट हिने त्याची चित्रे पाहिली होती. १९२७ मध्ये तिने त्याला आपल्या स्टुडिओत बोलावून त्याचे व्यक्तिचित्र टिपले. नेहमीच्या ठिगळांच्या कपड्यांऐवजी तो त्या दिवशी चांगला ओव्हरकोट चढवून आला आणि तिला हळहळ वाटली. दारावरची धूळही न झटकणारा हा माणूस स्वतःच्या चित्रासाठी मात्र नटून आला होता. जुन्या नटाचा तो शेवटचा प्रवेश ठरला. ठसे घेऊन ती त्याच्या घरी पोहोचली तेव्हा तो हयात नव्हता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याचे निधन झाले होते.

आत्झेचा मित्र आणि नाट्य-चित्रपट दिग्दर्शक आंद्रे काल्मेत याच्याकडे उरलेल्या संग्रहाची जबाबदारी आली. त्याने दोन हजार काचा सरकारला दिल्या आणि ॲबटच्या पाठपुराव्यानंतर १९२८ मध्ये बाकीचा संग्रह तिला विकला. हजाराहून अधिक काचा आणि हजारो ठसे घेऊन ती न्यूयॉर्कला गेली. १९३० मध्ये आत्झेच्या चित्रांचे पहिले पुस्तक निघाले. पुढील चार दशके ॲबटने स्वतःची ओढग्रस्त सोसून तो संग्रह सांभाळला आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या स्वाधीन केला.

या काळात आत्झेचा पेच वेगळ्या रूपात तिच्यापुढे आला. त्याच्या काचांवरून नवे ठसे काढायचे कसे? विसाव्या शतकातील कागद चटकन काळा-पांढरा ठसा देई. पण त्यावर अंधारे बोळ काजळासारखे बुडत आणि उन्हातले लाकूड पांढरेफटक पडे. आत्झेच्या काचा उन्हाच्या कागदासाठीच घडलेल्या होत्या. १९५६ मध्ये तिने वीस चित्रांचा जो संच काढला, त्यातील ठशांना तिने सोन्याचीच छटा दिली. पुढे संग्रहालयानेही काही काचांचे ठसे जुन्या पद्धतीच्या, अंड्याच्या बलकाच्या कागदावर नव्याने काढून घेतले. चित्र काढणारा गेला तरी त्याचे कसे करायचे हा निर्णय संपत नाही. तो पुढच्या हाताकडे येतो.

आत्झेने सुमारे साडेआठ हजारांहून अधिक काचा मागे ठेवल्या, असे मानले जाते. त्यांतील अनेक दारे आज त्या जागी नाहीत. रेन रस्त्यावरील ड्रॅगन चौकाचे प्रवेशद्वार त्याने टिपले होते. ते विसाव्या शतकात पाडले गेले आणि त्यावरचा दगडी ड्रॅगन लूव्र संग्रहालयात जाऊन बसला. ड्रॅगन वाचला, कारण तो शिल्प होता. त्याखालची कमान, आतली दुकाने, दगडावरचे ओघळ आणि दारापुढची फरसबंदी यांना संग्रहालयात जागा नव्हती. ती उरली आहेत केवळ आत्झेच्या काचेत. नको तो भाग म्हणून त्या दिवशी त्याने काही पुसले असते, तर नेमके तेच आज कायमचे हरवले असते.

म्हणूनच जुन्या दारापुढे उभे राहून छायाचित्र घेणाऱ्याने, ते उजळण्याआधी किंवा गडद करण्याआधी, आत्झेची आठवण ठेवावी. रंग, छटा, कडा हे ज्याच्या त्याच्या आवडीचे प्रश्न आहेत आणि त्यानेही ते आपल्या परीने सोडवलेच होते. परंतु मूळ प्रत एकदा तशीच, काही न पुसता, जागा आणि तारीख लिहून बाजूला ठेवायला पैसे पडत नाहीत. आपल्याला आज खटकणारी जाहिरातीची चिटोरी, विजेची तार किंवा दाराला टेकवलेली सायकल हीच उद्या कोणाला त्या घराची एकमेव खूण वाटेल. पॅरिसच्या उपनगरातील बान्यू येथील दफनभूमीत आत्झे विसावला. त्याच्या चित्रांतील दारे मात्र आजही तशीच ताठ उभी आहेत, भेगांसह आणि धुळीसह.